जुन्या मालगाड्यांचा माग आणि महाडचे बंदर

इतिहासाच्या तासास एका विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "आमच्या घरी वडीलधारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत की, महाडचे बंदर आगगाडीने बुडविले. पण वाफेची आगगाडी तर महाडास कधी आलीच नाही. मग जी आली नाही, तिने बंदर कसे बुडविले?" वर्गात हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर त्या क्षणी आमच्याजवळ नव्हते. त्या उत्तराचा शोध घेता घेता आम्हांस एका निराळ्याच प्रकारच्या पुस्तकाची ओळख झाली. त्या पुस्तकात गोष्ट नाही, वर्णन नाही, चित्र नाही. पानोपानी केवळ स्थानकांची नावे आणि आकडे आहेत. तरीही ते वाचावयाची रीत एकदा साधली, म्हणजे त्या आकड्यांतून गाड्या धावू लागतात आणि आपल्या गावाचे सुखदुःखही त्यांत दिसू लागते. ती रीत मुलांस व त्यांच्या पालकांस सांगावी, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे.

प्रथम आपल्या गावची जुनी वाट पाहू. महाड हे सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. तेथून खाडीने सुमारे ३० मैल आत आले म्हणजे महाड लागते. (एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, हे मुलांनी ध्यानात ठेवावे; जुन्या काळचे सर्व हिशेब मैलांचेच असल्यामुळे आम्हीही येथे मैलच वापरीत आहो.) मोठी गलबते दासगावापर्यंत येत आणि त्याच्या वर भरतीची वेळ साधून लहान मचवे व पडाव महाडच्या धक्क्यास लागत. मुंबईहून खजूर, साखर, लोखंड व विलायती कापड येई, मलबारकडील नारळ येत. आणि परतीच्या गलबतांतून कांदे, लसूण, बटाटे, हिरडा असा माल मुंबईस जाई. यांपैकी बराच माल घाटावरचा. तो बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून सह्याद्री उतरून खाली येई. वरंध घाटाने भोरकडचा माल येई. महाबळेश्वरकडचा माल आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरे. हा दुसरा रस्ता १८७० नंतरच्या दशकात गाडीरस्ता म्हणून तयार झाला आणि मुंबईचे गव्हर्नर सर सीमोर फिट्झेराल्ड यांच्या नावावरून त्यास फिट्झेराल्ड घाट असेही म्हणू लागले. घाट चढण्यापूर्वी बैलांस विसावा द्यावयाचा तो पोलादपुरास. घाट उतरल्यावर जोखड सैल करावयाचे तेही पोलादपुरासच. अशा रीतीने महाडची खाडी आणि पोलादपूरचा घाट ही एकाच व्यापाराची दोन दारे होती.

आता ही दारे कोणी लोटली, हे पाहावयाचे. त्यासाठी वर सांगितलेल्या पुस्तकाकडे वळले पाहिजे. रेल्वेचे वेळापत्रक दोन प्रकारचे असते. एक लोकांसाठी, ते स्थानकावर लावलेले असते आणि विकतही मिळते. त्यांत उतारूंच्या गाड्या तेवढ्या दिलेल्या असतात. दुसरे केवळ रेल्वेच्या नोकरांसाठी. स्टेशनमास्तर, इंजिन हाकणारा, गार्ड आणि सांधेवाला यांनी कोणत्या क्षणी काय करावयाचे, हे त्यांत लिहिलेले असते. यास वर्किंग टाइमटेबल म्हणतात. आपण त्यास कामकाजाचे वेळापत्रक म्हणू. यांत उतारूंच्या गाड्यांबरोबरच मालगाड्या, रिकाम्या वाघिणी परत नेणाऱ्या गाड्या, नुसती इंजिने, इतकेच नव्हे, तर जरूर पडली तरच सोडावयाच्या गाड्याही दिलेल्या असतात. लोकांच्या वेळापत्रकात मालगाडीचा मागमूसही नसतो. सबब ज्यास मालाच्या जुन्या वाटा शोधावयाच्या आहेत, त्यास या दुसऱ्या पुस्तकावाचून गत्यंतर नाही.

हे पुस्तक दुर्मिळ का आहे, तेही सांगितले पाहिजे. नवे वेळापत्रक अमलात आले की जुने रद्द होई. जुने पुस्तक चुकून हाती राहिले आणि त्यावरून गाडी सोडली, तर अपघात व्हावयाचा. म्हणून जुने पुस्तक जितक्या लवकर नाहीसे होईल तितके बरे, असाच तेव्हा विचार असे. जी वस्तू जपून ठेवणे हाच धोका, ती पुढील पिढीस सापडावी कशी? तरीही एखाद्या जुन्या रेल्वेसेवकाच्या पेटीत किंवा एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या कोपऱ्यात असे पुस्तक क्वचित राहून जाते, आणि ते इतिहासाच्या अभ्यासकास मोठ्या मोलाचे ठरते.

ते वाचावयाचे कसे? पानाच्या डाव्या बाजूस वरून खाली स्थानकांची नावे असतात आणि त्यांशेजारी आरंभीच्या स्थानकापासूनचे अंतर मैल व साखळ्यांत दिलेले असते. ८० साखळ्यांचा एक मैल. उजवीकडे एकेका गाडीचा एकेक उभा रकाना. रकान्याच्या माथ्यावर गाडीचा क्रमांक व प्रकार, आणि खाली प्रत्येक स्थानकासमोर ती केव्हा येते, केव्हा सुटते, की न थांबता पुढे जाते, ते लिहिलेले. मुंबईहून दूर जाणारी गाडी ती 'डाउन' आणि मुंबईकडे येणारी ती 'अप'. येथे मुलांची एक गंमत होते. बोरघाटात डाउन गाडी डोंगर चढते आणि अप गाडी उतरते! तेव्हा या शब्दांचा चढउताराशी काही संबंध नाही, हे प्रथमच मनावर बिंबविले पाहिजे.

या रकान्यांत सर्वांत बोलका आकडा कोणता? नवशिक्या वाचकास वाटते की, गाडी किती वेगाने धावते तो. आमच्या मते, गाडी किती वेळ उभी राहते तो. समजा, एक मालगाडी रात्री १० वाजता कर्जतेस आली आणि ११ वाजून २० मिनिटांनी सुटली. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) या ८० मिनिटांत तेथे काय झाले? उतारू चढावयाचे नाहीत, चहा प्यावयाचा नाही; मग एवढा वेळ कशास? हा प्रश्न विचारला की अभ्यासास सुरुवात झाली. वाफेच्या गाडीस थांबावयास मुख्यतः चार कारणे असत. पहिले पाणी व कोळसा. कारण वाफेचे इंजिन हजारो गॅलन पाणी पिते आणि ते संपण्यापूर्वी पुढील टाकी गाठावी लागते. दुसरे, समोरून येणाऱ्या किंवा मागून येणाऱ्या अधिक महत्त्वाच्या गाडीस वाट देणे. मालगाडी ही गाड्यांमधली धाकटी सून असल्यामुळे तिला सर्वांनंतर पान मिळते. तिसरे, वाघिणी जोडणे व सोडणे. आणि चौथे, पुढे घाट असल्यास इंजिनांची फेरजुळणी करणे. शेजारच्या रकान्यांतील वेळा ताडून पाहिल्या, म्हणजे यांपैकी कोणते कारण खरे ते बहुधा कळून येते.

कर्जतचे कारण चौथे होय. आपल्याकडील पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, जिला लोक जी. आय. पी. म्हणत, तिचे रूळ १८५६ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस आले. १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्गही सुरू झाला. मध्ये राहिला तो बोरघाट. तो पुरा होईतो माल खोपोलीस उतरावयाचा, बैलगाड्यांनी घाट चढवावयाचा आणि वर पुन्हा वाघिणींत भरावयाचा, असा क्रम होता. १८६३ साली घाटातील मार्ग खुला झाला. त्याची लांबी सुमारे १५॥। मैल आणि चढ १,८३१ फूट. वाटेत २५ बोगदे. सरासरी चढ ४६ फुटांस १ फूट आणि सर्वांत कठीण ठिकाणी ३७ फुटांस १ फूट. पायी चालणारास हा चढ काहीच नव्हे. परंतु लोखंडी रुळावरील लोखंडी चाकास तो फार मोठा आहे. सपाटीवर एक टन वजन ओढण्यास आठ-दहा पौंडांचे बळ पुरते. ३७ फुटांस १ फूट या चढावर त्याच एका टनास आणखी सुमारे ६० पौंड बळ लागते. म्हणजे जे इंजिन सपाटीवर पन्नास वाघिणी सहज नेते, त्यास येथे सहा-सात वाघिणींतच धाप लागावयाची.

म्हणून वर्किंग टाइमटेबलात रकान्यांखेरीज आणखी एक कोष्टक असते: कोणत्या जातीच्या इंजिनाने कोणत्या टप्प्यात किती वजन न्यावे, त्याचे. घाटाच्या पायथ्याशी हा आकडा एकाएकी खाली येतो. तेथे गाडीचे भाग करावे लागत, किंवा मागून ढकलावयास जादा इंजिने लावावी लागत. आणि उतरताना भय निराळे. तेथे ओढण्याचे नव्हे, तर आवरण्याचे काम. ब्रेक सुटून गाडी बेभान झाली तर तिला आवरावे म्हणून घाटात ठिकठिकाणी वर चढत जाणारे आडरूळ ठेवलेले असत. सांधा नेहमी त्या आडरुळाकडेच लावलेला. उतरणाऱ्या गाडीने आधी उभे राहून आपण ताब्यात आहो हे दाखवावयाचे आणि मगच सांधेवाल्याने तिला मुख्य रुळावर घ्यावयाचे. वेळापत्रकात आडरानात दिसणारा तो थांबा या कारणाचा आहे, हे कळले म्हणजे एका क्षुद्र आकड्यामागे केवढी दक्षता उभी आहे, ते ध्यानात येते.

वेगवेगळ्या सालांची पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे आणखी एक लाभ होतो. जुन्या पुस्तकांत खंडाळ्याच्या खाली रिव्हर्सिंग स्टेशन असे नाव आढळते. डोंगराच्या कड्यावर वळण घ्यावयास जागा नव्हती, म्हणून तेथे गाडी एका टोकास जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास लावीत आणि मग गाडी उलट्या दिशेने वर निघे. जी वाघीण शेवटची ती पहिली होई. १९२९ साली नवीन वळणाचा मार्ग झाला आणि हे स्थानक बंद पडले. त्याच साली पुण्यापर्यंत विजेवर गाड्या धावू लागल्या आणि घाटातील वाफेच्या इंजिनांचे राज्य ओसरले. पुस्तकांतून एक नाव गळते, एक थांबा नाहीसा होतो, प्रवासाची काही मिनिटे वाचतात; आणि त्या काही ओळींच्या फरकात एक युग संपलेले असते.

येथे एका खाचखळग्याविषयी सावध करणे आम्हांस अवश्य वाटते. जुन्या पुस्तकांतील घड्याळ कोणाचे, ते आधी पाहावे. आज सर्व देशाची वेळ एक आहे. परंतु ती १९०६ सालापासूनची. त्यापूर्वी आगगाड्या मद्रास शहराच्या वेळेवर चालत आणि मुंबई शहराची वेळ तिच्याहून सुमारे अर्धा तास मागे असे. १९०६ नंतरही मुंबईने आपली वेळ एकदम सोडली नाही. ती नवीन वेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि १९५५ सालापर्यंत शहरात चालू राहिली. म्हणून धक्क्यावरील गलबत सुटण्याची वेळ आणि स्थानकावरील गाडी सुटण्याची वेळ यांची तुलना करताना दोन्ही घड्याळे जुळवून घ्यावी. नाही तर जी गाडी चुकली नाही ती चुकली, असा इतिहास लिहिला जावयाचा.

आता पुण्यापुढे जाऊ. कारण महाडचा प्रश्न सुटतो तो पुण्यापुढेच. एकाच कंपनीच्या पुस्तकात मालाची वाट पुरी सापडेलच असे नाही. पुणे आले की जी. आय. पी.चा रकाना सोडून सदर्न मराठा रेल्वेचे पुस्तक उघडावे लागते. १८८६ नंतरच्या काही वर्षांत या कंपनीने पुण्याहून साताऱ्याच्या बाजूने मिरज, बेळगाव व लोंढे येथवर मार्ग नेला. याच मार्गावर वाठार नावाचे स्थानक आहे. हे नाव महाड-पोलादपूरच्या वाचकांनी नीट लक्षात ठेवावे. वाठारहून वाई सुमारे २० मैल, वाईहून पाचगणी ८ आणि पाचगणीहून महाबळेश्वर १२. एकूण ४० मैल. आणि महाबळेश्वरहून घाट उतरून पोलादपूरवरून महाड सुमारे ३५ मैल. म्हणजे महाबळेश्वरच्या माथ्यावर उभ्या राहिलेल्या हुंडेकऱ्यास आता दोन वाटा होत्या आणि दोन्ही जवळजवळ सारख्याच लांबीच्या. पूर्वेस उतरला तर वाठारचे स्थानक, पश्चिमेस उतरला तर महाडचे बंदर.

मुंबईपर्यंतचा हिशेब मुलांनी स्वतः मांडून पाहावा. पूर्वेकडून: रस्ता ४० मैल, वाठार ते पुणे आगगाडीने सुमारे ७० मैल, पुणे ते मुंबई ११९ मैल, बेरीज सुमारे २२९. पश्चिमेकडून: रस्ता ३५ मैल, खाडी सुमारे ३० मैल, बाणकोट ते मुंबई समुद्र सुमारे ७५ मैल, बेरीज सुमारे १४०. महाडची वाट जवळजवळ ९० मैलांनी जवळची! शिवाय वाठारच्या वाटेवर आणखी एक अडचण होती. सदर्न मराठा रेल्वेचे रूळ मीटर रुंदीचे आणि जी. आय. पी.चे साडेपाच फूट रुंदीचे. त्यामुळे एकीची वाघीण दुसरीच्या रुळांवर चालत नसे. पुण्यास प्रत्येक पोते हमालांनी एका वाघिणीतून काढून दुसरीत घालावयाचे. इतके असूनही मालाचा ओढा पूर्वेकडे वळला. हे कसे?

उत्तर नकाशात नाही. ते वेळापत्रकात आहे. नकाशा सांगतो की, वाट किती लांब आहे. वेळापत्रक सांगते की, वाट केव्हा उघडी आहे. महाडच्या धक्क्यावर माल येऊन पडला, तर गलबत केव्हा सुटेल हे भरतीवर अवलंबून. भरती आली तर वाऱ्यावर अवलंबून. आणि आषाढ-श्रावणात तर नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रच बंद. वाठारास माल आला, तर त्याच्या नावाची गाडी रकान्यात छापलेली आहे. ती उशिरा येईल, वाटेत चार ठिकाणी तिष्ठत राहील, पुण्यास तिचा माल उतरून पुन्हा भरला जाईल. परंतु ती येईल. पावसाळ्यातही येईल. व्यापाऱ्यास स्थानकावर बिल्टी मिळे आणि ती हाती पडली की मुंबईच्या आडत्यास माल केव्हा पोहोचेल याचा अदमास सांगता येई. व्यापारात जवळची परंतु अनिश्चित वाट आणि लांबची परंतु निश्चित वाट यांत दुसरीच बहुधा जिंकते. कारण थांबलेल्या मालावर व्याज चढते, आणि बटाटा तर व्याजाचीही वाट पाहत नाही, तो आधीच सडतो. जी आगगाडी महाडास आली नाही तिने महाडचे बंदर कसे बुडविले, या प्रश्नाचे आमचे उत्तर हेच की, ती दुसरीकडे आली म्हणूनच. गाडी एखाद्या गावी आली तर त्या गावचे दैव पालटते. ती शेजारच्या गावी गेली तरीही पालटते.

तथापि घाईने निकाल देऊ नये. कामकाजाचे वेळापत्रक हा साक्षीदार खरा बोलतो; परंतु सर्व बोलत नाही. गाडी धावावी असे ठरले होते, एवढेच ते सांगते. ती त्या रात्री धावली की नाही आणि वाघिणीत कांदे होते की कापूस, हे ते सांगत नाही. जरुरीपुरत्या गाड्यांचे रकाने पाहून, रोज एवढ्या गाड्या जात असल्या पाहिजेत, असे अनुमान करणारा अभ्यासक फसतो. शिवाय महाडच्या पडझडीस आगगाडी हे एकच कारण मानणेही बरोबर नाही. बैलांचे तांडे आणि शिडाची गलबते एका दिवसात थांबली नाहीत; रेल्वे झाल्यावरही पुष्कळ वर्षे ती चालू होती. पुढे मोटार लॉऱ्या आल्या आणि बैलांच्या व गलबतांच्या राहिलेल्या कामातही वाटेकरी झाल्या. एका मोठ्या फेरफारास अनेक हात लागलेले असतात. वेळापत्रक त्यांतील एक हात स्पष्ट दाखविते, इतकेच.

आणि माणसांविषयी तर ते अगदीच मुके आहे. १८६१ च्या सुमारास बोरघाटात ४२ हजारांहून अधिक मजूर काम करीत होते. कडे फोडताना आणि पटकीच्या साथींत त्यांतील हजारो मृत्यू पावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे स्वतः १८५९ साली येथे येताच वारले आणि त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी ते काम पुढे चालविले. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा अशी नावे वेळापत्रकात एकाखाली एक शांतपणे उभी असतात. त्यांच्या मधल्या जागेत कोण पडले, याची एक ओळही त्यांत नसते. तद्वतच महाडच्या धक्क्यावरचा तांडेल, पोलादपूरच्या तळावरचा बैलवाला आणि गोण्या वाहणारा हमाल यांचे पुढे काय झाले, तेही त्यांत नाही. त्यांची मुले-नातवंडे मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत गेली असतील. ज्या गावाकडून पूर्वी कांदा-बटाटा जात असे, त्या गावाकडून पुढे माणसे जाऊ लागली. हे कोष्टकाबाहेरचे आहे. परंतु कोष्टक वाचणाऱ्याने ते विसरता कामा नये.

आगगाडी आपल्या भागात आली खरी, परंतु वाफेचे दिवस सरल्यावर आली. रोह्यापर्यंत रूळ १९८६ साली पोहोचले. १९९० साली कोकण रेल्वेची संस्था स्थापन झाली, १९९३ साली रोह्याहून वीरपर्यंत गाडी सुरू झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग पुरा झाला. वीर हे महाडचे स्थानक. वाठारला जी सोय मिळाली, ती महाडास मिळावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. १९९९ सालापासून याच मार्गावर भरलेल्या लॉऱ्या सबंधच्या सबंध वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्याकडे नेण्याची पद्धत सुरू झाली. जी लॉरी एके काळी मालगाडीची प्रतिस्पर्धी होती, ती आता मालगाडीच्याच पाठीवर बसून आमच्या गावावरून जाते! या मार्गास पावसाळ्यात निराळे वेळापत्रक असते आणि तेव्हा गाड्या सावकाश चालतात. ज्या पावसात गलबत बंद होई त्या पावसात गाडी मंद होते, पण थांबून राहत नाही. सबंध लेखाचे सार या एका वाक्यात आले आहे, असे आम्हांस वाटते.

आता शेवटी पालकांस एक विनंती. या प्रश्नाचे उत्तर आम्ही अर्धेच दिले आहे, याची आम्हांस जाणीव आहे. माल कसा जावयाचा ठरला होता ते वेळापत्रक सांगते. तो खरोखर किती गेला ते दुसराच साक्षीदार सांगेल आणि तो साक्षीदार कदाचित आपल्याच माळ्यावर आहे. महाडच्या जुन्या पेढ्यांच्या कीर्द-खतावण्या, गलबतांचे भाड्याचे कागद, आडत्यांच्या चिठ्ठ्या, पिवळ्या पडलेल्या बिल्ट्या, कोणा रेल्वेतील नातलगाने आणलेले वेळापत्रक, असे काही आपल्या घरी असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नये. त्यांवरील मोडी अक्षर वाचता येत नसले तरी चालेल, वाचणारे मिळतील. कागद एकदा गेला म्हणजे मात्र तो परत मिळावयाचा नाही. ज्या साली खतावणीत महाडच्या गलबताचे भाडे लिहिणे थांबले आणि वाठारची बिल्टी लिहिणे सुरू झाले, ते साल ज्या दिवशी सापडेल, त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होईल.

आणि विद्यार्थ्यांस एवढेच सांगणे आहे की, वीरच्या फलाटावर उभे असता समोरून मालगाडी न थांबता धडधडत गेली, तर नुसत्या वाघिणी मोजून सोडून देऊ नका. ती कोठून आली, कोठे चालली, कोणासाठी वाट सोडून उभी राहिली असेल, आणि तिच्यामुळे कोणत्या दूरच्या गावचा धक्का आज ओस पडत असेल, हे स्वतःस विचारा. प्रश्न विचारणाऱ्या मुलास रुक्ष आकड्यांचे पुस्तकही बोलके होते. आमचा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आता हसणाऱ्या सोबत्यांस घेऊन आपल्या आजोळच्या माळ्यावर जुनी खतावणी शोधीत आहे, असे आम्ही ऐकतो. त्यास यश येवो.